घरचा लेथ आणि त्याचे चार पहारेकरी

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं मोठ्या हौसेनें एक लहानसा लेथ विकत घेतला आणि घराच्या मागच्या पडवींत तो बसविला. नातवंडांसाठीं भोंवरे, शेजाऱ्यांच्या पंपासाठीं बुश, मोडक्या खुर्चीसाठीं नवा पाय, असें कांहीं ना कांहीं त्यांचें चाललेलें असतें. एकदां ऐन पावसाळ्यांत मी त्यांच्याकडे गेलों असतां त्यांनीं तो लेथ मला दाखविला, आणि दाखवितां दाखवितां सहज म्हणाले, "पाऊस लागला म्हणजे याला हात लावतांना जराशा मुंग्या येतात. पण मीं त्याच्यावर उपाय केला आहे." उपाय म्हणजे काय, तर लेथपुढें त्यांनीं जेवणाचा एक लांकडी पाट टाकला होता. पाटावर उभें राहिलें कीं मुंग्या येत नसत.

श्रोतेहो, आज जें सांगावयाचें आहे तें त्या पाटावरूनच सुचलेलें आहे. त्या मुंग्या म्हणजे यंत्रानें दिलेली सूचना होती. पाट टाकल्यानें सूचना बंद झाली. धोका जेथल्या तेथेंच राहिला. पाटावर उभे असतांना त्या गृहस्थांचा एक हात यंत्रावर आणि दुसरा ओल्या भिंतीवर किंवा नळावर पडला असता, तर पाटानें त्यांचें कांहींच रक्षण केलें नसतें.

घरांत विजेचीं इतकीं उपकरणें असतात, मग लेथचीच एवढी चिंता कां? पंखा फिरत असतांना त्याला कोणी हात लावीत नाहीं. इस्त्रीची मूठ वीज न वाहणाऱ्या पदार्थाची असते. लेथचें तसें नाहीं. तो सारा लोखंडाचा आहे आणि तो दोन्ही हातांनीं धरूनच चालवावयाचा असतो. कारागिराचे हात घामानें ओले असतात, पाय फरशीवर असतात, जवळपास तेल आणि पाणी सांडलेलें असतें. रबरी हातमोजे घालून काम करावें म्हटलें, तर लेथवर तो दुसराच घात. फिरता जॉब मोज्यासकट हात ओढून नेतो. तेव्हां येथें माणसाचें रक्षण यंत्राच्या जोडणींतूनच झालें पाहिजे.

आपल्याकडील घरगुती वीज सुमारें २३० व्होल्टची असते. घामेजलेल्या माणसाच्या शरीराचा रोध १,००० ओहम किंवा त्याहूनही कमी असूं शकतो. म्हणजे २३० मिलिअँपिअर, अथवा पाव अँपिअरहून किंचित्‌ कमी प्रवाह शरीरांतून जाऊं शकेल. हा आंकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु एक मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला कीं तो जाणवूं लागतो. चार्ल्स डॅल्झील या अमेरिकन प्राध्यापकानें स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, सुमारें १६ मिलिअँपिअरला सरासरी पुरुषाची मूठ उघडेनाशी होते. स्त्रियांच्या बाबतींत हा आंकडा साडेदहाच्या आसपास येतो. स्नायू आवळले जातात आणि मनुष्य इच्छा असूनही हात सोडूं शकत नाहीं. आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातींतून सेकंदभर जरी गेला, तरी हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यु येऊं शकतो. लेथचें चाक म्हणजे मुठीनें धरावयाचीच वस्तु. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या मुंग्यांचा अर्थ कळतो.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पुष्कळ सुशिक्षित माणसांचा असा समज असतो कीं, घरांत फ्यूज आहे, हल्लींचा एम. सी. बी. आहे, म्हणजे सर्व कांहीं सुरक्षित आहे. हा समज चुकीचा आहे. लेथच्या जोडणींत चार निरनिराळ्या गोष्टींचें रक्षण करावयाचें असतें: भिंतींतील तारेचें, मोटरचें, माणसाच्या प्राणाचें, आणि माणसाच्या हाताबोटांचें. या चारांना चार निरनिराळे पहारेकरी लागतात, आणि एकाचें काम दुसरा करीत नाहीं. आपण एकेकाची ओळख करून घेऊं.

पहिला पहारेकरी तारेचा. तो म्हणजे फ्यूज किंवा एम. सी. बी. घरच्या लेथला बहुधा अर्ध्या ते एक अश्वशक्तीची मोटर असते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. परंतु मोटरमध्यें कांहीं शक्ति वायां जात असल्यामुळें एक अश्वशक्तीची एकफेजी मोटर पूर्ण भारावर सुमारें सहा-सात अँपिअर प्रवाह घेते. सुरू होतांना तर क्षणभर याच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. अशा मोटरला दिव्याच्या बटणाशेजारील लहान सॉकेटमधून, एक्स्टेन्शन बोर्डाची लांबलचक बारीक वायर जोडून वीज देणें म्हणजे वायर तापवीत ठेवणें होय. लेथसाठीं मीटरपाशींच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणावी. तींत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी, शेवटीं १६ अँपिअरचें मोठें तीनपिनी सॉकेट असावें, आणि आरंभीं १६ अँपिअरचा एम. सी. बी. असावा. तो मोटरसाठीं योग्य अशा 'सी' वर्गाचा घ्यावा, म्हणजे सुरू होतांनाच्या क्षणिक ओढीनें तो उगाच पडत नाहीं. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्याला झोपेचें औषध देणें आहे.

परंतु हा पहारेकरी फक्त तारेचा आहे. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. आणि माणसाचा प्राण तर शंभराच्या आंतच जातो. माणूस चिकटलेला असतांनाही एम. सी. बी. जागच्या जागीं स्वस्थ राहील, कारण त्याच्या दृष्टीनें कांहींच बिघडलेलें नसतें.

दुसरा पहारेकरी मोटरचा. तो म्हणजे स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले. हत्यार जॉबमध्यें रुतलें किंवा पट्टा अडकला, तर मोटर थांबते, पण प्रवाह चालूच राहतो, आणि कांहीं क्षणांतच आंतील गुंडाळी जळूं लागते. रिलेमध्यें दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह मर्यादेबाहेर कांहीं काळ राहिला कीं ती तापून वांकते आणि वीज तोडते. मोटरवर बसविलेल्या पट्टीवर पूर्ण भाराचा प्रवाह किती अँपिअर, हें लिहिलेलें असतें. रिले त्याच आंकड्यावर लावावी. ती वरचेवर पडते म्हणून आंकडा वाढवून ठेवण्याचा मोह होतो. तसें न करतां कापाची खोली कमी करावी, पट्टा तपासावा, आणि मोटरच्या जाळीवर साचलेला लोखंडाचा कीस काढून टाकावा.

तिसरा पहारेकरी माणसाच्या प्राणाचा. खरें म्हणजे येथें दोघांनीं मिळून पहारा द्यावयाचा असतो. पहिला अर्थिंग. यंत्राचा लोखंडी सांगाडा जाड हिरव्या तारेनें जमिनीशीं जोडलेला असला, म्हणजे आंतील फेजची तार सुटून सांगाड्याला लागली तरी प्रवाहाला जमिनीकडे जाण्यास मोकळी वाट मिळते. तीनपिनी प्लगची वरची पिन इतर दोहोंपेक्षां लांब आणि जाड असते, ती उगाच नव्हे. प्लग बसवितांना अर्थची जोडणी सर्वांत आधीं व्हावी आणि काढतांना सर्वांत शेवटीं तुटावी, अशी ती योजना आहे. ती पिन कापून प्लग दोनपिनी सॉकेटांत बसविणारे लोक मीं पाहिले आहेत. हौसेनें घेतलेल्या यंत्राशीं केलेला याहून मोठा अविचार नाहीं.

सॉकेटला तीन भोकें आहेत म्हणजे अर्थिंग आहेच, असेंही समजूं नये. माझ्या त्या स्नेह्यांच्या पडवींतील सॉकेट वायरमननें उघडलें, तेव्हां वरच्या भोकामागें तारच नव्हती; हिरव्या तारेचें टोंक भिंतीच्या आंतच कोठें तरी कापून सोडलेलें होतें. मोटरच्या गुंडाळींत पावसाळी हवेनें दमटपणा शिरत होता, थोडी गळती सांगाड्यावर येत होती, आणि तिला जमिनीकडे जाण्यास वाट होती ती एकच: त्या गृहस्थांचें शरीर.

अशा वेळीं एक सोपा मार्ग सुचविला जातो, त्याविषयीं मुद्दाम सावध करतों. तो म्हणजे सॉकेटच्या आंत अर्थची पिन न्यूट्रलच्या तारेला जोडून टाकणें. तसें केलें कीं मुंग्या थांबतात आणि मालक संतुष्ट होतो. परंतु ती न्यूट्रल तार मागें कोठें ढिली होऊन तुटली, तर फेजचा प्रवाह मोटरमधून न्यूट्रलवर, आणि तेथून त्या जोडीतून थेट यंत्राच्या सांगाड्यावर येतो. आतां सारा लेथ २३० व्होल्टचा होतो, आणि तोही मोटर बंद पडलेली असतांना, म्हणजे 'काय झालें' म्हणून माणूस यंत्राला हात लावतो नेमक्या त्याच वेळीं.

आतां अर्थिंग चांगलें असलें तरी तें एकटें पुरत नाहीं, हें एका साध्या गणितानें दिसेल. समजा, घराच्या अर्थच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. फेजची तार सांगाड्याला लागली तर २३० भागिले १०, म्हणजे फार तर २३ अँपिअर प्रवाह जमिनींत जाईल. १६ अँपिअरचा 'सी' वर्गाचा एम. सी. बी. तत्काळ पडावयास ८० ते १६० अँपिअर लागतात. २३ अँपिअरला तो कदाचित्‌ तासभरही पडणार नाहीं. तेवढा वेळ यंत्राच्या सांगाड्यावर विजेचा बराचसा दाब तसाच राहील.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला दुसरा हवा. त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात, आपण त्याला गळती ओळखणारा स्विच म्हणूं. त्याचें तत्त्व हिशेबनिसाचें आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. परत येतांना कमी भरला, तर तो कोठें तरी गळला, मग तो सांगाड्यांतून असो वा माणसांतून असो. घरगुती स्विचमध्यें ही तूट ३० मिलिअँपिअरला पोंचण्याच्या आंतच, सेकंदाच्या लहानशा अंशांत, वीज तोडली जाते. वर ज्यांचें नांव आलें त्या डॅल्झील यांनींच १९६१ सालीं अशा प्रकारचें अतिशय संवेदनशील साधन तयार केलें. या स्विचवर 'टी' अक्षराचें एक लहान बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. स्विच खट्‌कन पडला तर पहारेकरी जागा आहे. न पडला तर तो त्याच दिवशीं बदलावा.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका हातानें फेज आणि दुसऱ्या हातानें न्यूट्रल धरणाऱ्या माणसाला हा स्विच ओळखीत नाहीं. त्याच्या हिशेबांत गेलेला प्रवाह पुरता परत आलेला असतो. म्हणून उघडी तार ती उघडीच समजावी.

चौथा पहारेकरी हाताबोटांचा, आणि घरच्या कारागिरांकडून सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें याच्याकडे. कल्पना करा: काम चालू आहे आणि वीज गेली. आपल्याकडे ही कांहीं अपूर्व घटना नव्हे. लेथ थांबला. आपण सहज चकांतील जॉब पाहूं लागलों, किल्ली चकाला लावली, आणि वीज आली. साधें खटक्याचें बटण असेल तर तें अजून चालूच आहे. चक किल्लीसकट फिरूं लागतो. किल्ली उडून डोळ्याला लागते किंवा बोटें सांपडतात. येथें विजेचा धक्का बसलेला नाहीं, तरीही अपघात विजेच्या जोडणींतील चुकीनेंच झालेला आहे.

यावर उपाय म्हणजे नो-व्होल्ट व्यवस्था असलेला स्टार्टर. त्यांत हिरवें बटण दाबलें म्हणजे एक विद्युच्चुंबक संपर्कपट्ट्या धरून ठेवतो. वीज गेली कीं चुंबकाचें बळ जातें आणि पट्ट्या सुटतात. वीज परत आली तरी त्या आपण होऊन जुळत नाहींत, हिरवें बटण पुन्हां दाबावेंच लागतें. असे स्टार्टर एकफेजी मोटरसाठींही मिळतात, आणि बहुधा ओव्हरलोड रिलेही त्यांतच असते. म्हणजे एकाच डबींत दोन पहारेकरी येतात. थांबविण्याचें लाल बटण मोठें, छत्रीसारखें घ्यावें आणि अशा जागीं बसवावें कीं, तें दाबण्यासाठीं फिरत्या चकावरून हात न्यावा लागूं नये.

चार पहारेकरी नेमून झाले. आतां चार किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या गोष्टी.

पहिली, तारांच्या रंगांची. आपल्या घरांतील जुन्या प्रथेप्रमाणें फेज लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी असते. परंतु आयात यंत्रांच्या दोरींत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी येते. म्हणजे निळी तार एकीकडे फेज, तर दुसरीकडे न्यूट्रल! रंगावर विसंबून जोडणी करूं नये, तपासूनच करावी.

दुसरी, दिव्याची. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणाऱ्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला १०० वेळां कमीजास्त होतो. लेथ मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर दोन झोतांमध्यें चक बरोबर एकतृतीयांश फेरा फिरतो. आणि चकाला तीन दाढा असल्यामुळें तो डोळ्यांना स्थिर उभा असल्यासारखा भासतो. थांबलेला समजून त्याला हात लावला तर काय होईल हें सांगावयास नको. कांहीं स्वस्त एल. ई. डी. दिवेही असेच लुकलुकतात. कामावर लहान दिवा हवाच. तो १२ किंवा २४ व्होल्टचा, स्वतंत्र गुंडाळ्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा आणि न लुकलुकणारा असावा.

तिसरी, वायरच्या वाटेची. लेथचा कीस धारदार आणि तापलेला असतो. जमिनीवरून गेलेली वायर तो हळूंहळूं कापतो. वायर भिंतीवरून पाइपांतून आणावी आणि यंत्रापाशीं लवचिक धातूच्या नळींतून न्यावी. स्टार्टरची डबी बंद झांकणाची असावी, म्हणजे कीस आंत जाणार नाहीं.

चौथी, वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हची. एकफेजी विजेवर तीनफेजी मोटर चालविण्यासाठीं हौशी लोक तो हल्लीं वापरतात. साधन चांगलें आहे. परंतु त्याच्या आंतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही कांहीं मिनिटें भारलेले राहतात, म्हणून झांकण लगेच उघडूं नये. शिवाय त्याच्यामागें बसवावयाचा गळतीचा स्विच ड्राइव्हला मानवणाऱ्या प्रकारचा लागतो. नेहमींचा कधीं उगाच पडतो, तर कधीं पडावयाच्या वेळीं पडत नाहीं. उत्पादकाची पुस्तिका वाचूनच तो निवडावा.

हें ऐकून कोणी स्वतःच पेंचकस घेऊन मीटरच्या बोर्डाकडे जाऊं नये. दिवा किंवा फ्यूज बदलण्यासारखीं कामें सोडलीं, तर विजेच्या जोडणीचें काम परवानाधारकानेंच केलें पाहिजे, असा दंडक १९५६ च्या नियमांत होता आणि केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० व २०२३ सालच्या नियमांतही तो आहे. आपलें काम निराळें आहे: वायरमनला काय विचारावयाचें तें ठाऊक असणें. लाइन स्वतंत्र आहे काय? अर्थचा रोध मापलात काय, आणि तो किती भरला? गळतीचा स्विच ३० मिलिअँपिअरचा आहे काय? स्टार्टर नो-व्होल्टचा आहे काय? हे चार प्रश्न एका कागदावर लिहून ठेवावे आणि उत्तरें मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आपण स्वतः पाळावयाचा नियम एकच. पट्टा बदलणें, चक काढणें, गिअर साफ करणें यांपैकीं कांहींही करण्यापूर्वीं केवळ लाल बटण दाबून न थांबतां प्लग उपसून डोळ्यांपुढें ठेवावा. आणि घरांतील प्रत्येकाला, अगदीं मुलांनासुद्धां, मेन स्विच कोठें आहे व तो कसा पाडावयाचा तें दाखवून ठेवावें. कोणी विजेला चिकटलें तर त्याला हात न लावतां आधीं वीज तोडावयाची. तें जमलें नाहीं तर कोरड्या लांकडानें त्याला दूर करावयाचें. श्वास चालत नसेल तर १०८ वर दूरध्वनि करून, मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं मिनिटाला १०० ते १२० या गतीनें दाब देत राहावयाचें.

माझ्या स्नेह्यांच्या पडवींत आतां स्वतंत्र लाइन आली आहे, आणि सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागें खरोखरीची हिरवी तार आहे. साऱ्या कामाला एक दिवस लागला. परवां पुन्हां पाऊस लागला असतां मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलों. लेथ चालला होता, मुंग्या येत नव्हत्या, आणि लेथपुढील पाट तेथें नव्हता. तो स्वच्छ धुवून पुन्हां जेवणाच्या पंगतीला लागला होता, आणि त्यावर त्यांचा धाकटा नातू बसला होता.